उरलेल्या कांड्या

"पुढचा," असं म्हणत अभिमन्यूने मान वर केली, तर खिडकीपलीकडे इमामबी उभी होती. ग्राहक क्रमांक विचारायला उघडलेलं त्याचं तोंड तसंच राहिलं. वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर इतकी वर्षं काढल्यावर माणसाची चेहरे बघायची सवय मोडते. आधी हात दिसतो, मग हातातलं बिल, मग बिलावरचा आकडा, आणि चेहऱ्यापर्यंत पोचायची बहुतेक वेळ येतच नाही. "नोंद घेतली आहे" एवढं म्हटलं की हात आपोआप मागे जातो. या हातात बिल नव्हतं. हिरव्या बांगड्या होत्या, नखांवर मेंदीचा जुना तांबूस रंग होता आणि एक कापडी पिशवी होती. मागचा माणूस वैतागून सांगत होता की या आजी सकाळपासून रांगेत आहेत, यांच्याकडे बिल नाही, काही नाही, विचारलं तर म्हणतात साहेबाला भेटायचंय. साहेबाला भेटायचं म्हणजे रांगेतूनच जायचं असणार, असा तिने आपला सरळ समज करून घेतला होता. तो तितकासा चुकीचाही नव्हता, कारण गावाकडचं कोणी बाजूच्या दाराने आलं तर साहेब मीटिंगमध्ये आहेत असं सांगायला अभिमन्यूने शिपायाला शिकवून ठेवलं होतं.

"बाबा, जेलात जायचंय," ती म्हणाली. "मागल्या बारीला भाचा हुता संगं. आता कुणी येत न्हाय." आवाज खाली करायचं तिच्या ध्यानातही आलं नाही. रांगेतली कुजबुज थांबली. अभिमन्यूने इमामबीकडे बघायच्या आधी शेजारच्या खिडकीकडे बघितलं, राजेश्वरीबाईंनी ऐकलं की काय म्हणून. त्यांनी ऐकलं होतं. मग त्याने खिडकीत 'जेवणाची सुट्टी' ही पाटी लावली, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि स्कूटर काढली. हे सगळं त्याने इतक्या लगबगीने केलं, की बघणाऱ्याला वाटावं, काय माणूस आहे, गावच्या बाईसाठी हातातलं काम टाकून धावला. त्याला ठाऊक होतं की ती घाई तिला त्या रांगेतून, त्या कानांसमोरून हलवायची होती.

इमामबी स्कूटरवर एका अंगाने बसली आणि पिशवी मांडीवर घेऊन तिने त्याच्या खांद्याला धरलं. हात हलका होता, पण तेवढी एकच जागा त्याला जाणवत राहिली. सोलापूरचं ऊन डांबरातून वर येत होतं. चादरींच्या दुकानांपुढे गड्ड्या रचल्या होत्या, उसाच्या रसाच्या गुऱ्हाळाची घुंगरं वाजत होती, सात रस्त्याच्या सिग्नलला एक ट्रॅक्टर शेजारी येऊन थांबला आणि त्याच्या मागे लावलेला कॉम्प्रेसर बघून अभिमन्यूने मान वळवली. विहिरीचा कातळ फोडायला भोकं पाडतात तो कॉम्प्रेसर. खांद्यावरचा हात जरा घट्ट झाला, म्हणजे तिनेही बघितला. सिग्नल सुटला.

इमामबीचा नवरा, मौलाचाचा, सांगोल्याकडचा सुरुंगवाला. त्या भागात जमीन खरवडली की खाली काळा कातळ, आणि कातळाखाली पाणी असलं तर असलं. पंचक्रोशीतली निम्मी विहीर मौलाने फोडलेली, असं अभिमन्यूचे वडील, हिंदुराव, म्हणायचे. विहिरीला निम्मी कशी म्हणतात हे त्यांना कोणी विचारलं नाही. कारण खरोखरच एकेक विहीर अर्धी राहायची, पैसा-पाऊस बघून पुढची फोडायची. परवाना मंगळवेढ्याच्या एका ठेकेदाराचा, माल त्याच्या गोदामातला आणि हात मौलाचा, अशी सगळी रीत. कातळात भोकं पाडायची, भोकात जिलेटीनच्या कांड्या, कांडीला ती पेटवणारी टोपी, टोपीची तार वर काठापर्यंत. आणि मग मौला थांबायचा. सगळं तयार असून थांबायचा. विहिरीच्या मालकाने काठावर उभं राहून चारी बाजूंना बघायचं, आत वर कोणी नाही याची खात्री करायची आणि स्वतःच्या तोंडाने हाक द्यायची, "मोकळं हाय, उडीव." ती हाक आल्याशिवाय मौलाने कधी तार जोडली नाही. मालक परगावी असला तर काम खोळंबायचं. मालकाची बायको, भाऊ, वाटेकरी, कोणी चालायचं नाही. ज्याची विहीर त्याची हाक. उद्या कोणाला इजा झाली तर मी उडवलं असं एकट्याने म्हणायला लागू नये, हा त्यातला हिशेब असेल, पण मौलाने तो कधी बोलून दाखवला नाही, तो फक्त बिडी काढून बसायचा आणि म्हणायचा, "मालक येऊ दे की."

हिंदुराव हाक द्यायचे तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा. एरवी घरात चहा मागतानासुद्धा ओशाळणारा माणूस, त्या काठावर उभा राहिला की शिवाराला ऐकू जाईल असा ओरडायचा. अभिमन्यू बांधाआड आईच्या पदरात तोंड घालून बसलेला असायचा. आधी पायाखाली जमीन हलायची, आवाज मागून यायचा, आणि मग बराच वेळ दगडांचा पाऊस. धूर निवला की मौलाचाचा त्याला खांद्यावर घेऊन काठाशी न्यायचा आणि म्हणायचा, बघ, पाणी हसतंय का. पाणी कधी हसायचं, कधी नाही. तेव्हा मौला त्याला अरेतुरे करायचा. अभिमन्यू नोकरीला लागला, सोलापुरात फ्लॅट घेतला, आणि एका दिवाळीत गावी गेला तर मौलाचाचा एकदम "तुमी" म्हणाला. "अहो चाचा, असं काय करता" एवढं म्हणायला पाहिजे होतं. म्हणायचं राहून गेलं. खरं तर त्याला ते आवडलं होतं.

वडील गेल्यावर वस्तीवर कोणी राहिलं नाही. डाळिंबाला तेल्या रोग पडला, बाग काढून टाकली, आई शेवटची वर्षं सोलापुरात काढून गेली. पत्र्याच्या शेडची किल्ली मौलाकडे असायची. या वर्षी अभिमन्यूच्या मनाने घेतलं की विहीर अजून खाली न्यावी आणि पुन्हा बाग लावावी. मनाने घेतलं म्हणजे काय, ऑफिसातल्या एकाने फार्महाऊस बांधलं होतं. मौलाने भोकं पाडून घेतली, माल आणला, ट्रॅक्टर गेला, आणि त्याने फोन केला की रविवारी या, हाक द्यायला. त्या रविवारी सोसायटीची सभा होती. पुढच्या रविवारी बायकोच्या, रेश्माच्या, शाळेतल्या कोणाच्या तरी मुलीचं लग्न. त्याच्या पुढच्या रविवारी काहीच नव्हतं; अभिमन्यू गॅलरीत पेपर वाचत बसला होता आणि उन्हात सांगोल्यापर्यंत जायचं त्याच्या जिवावर आलं होतं. फोनवर तो म्हणाला होता, चाचा, माझ्या वतीने तुम्हीच द्या ना हाक. पलीकडे मौला हसला होता. "तसं नसतंय," एवढंच म्हणाला. कांड्या शेडमध्ये कडब्याखाली राहिल्या. काम संपलं की उरलेला माल त्याच दिवशी गोदामात परत गेला पाहिजे, हा सरकारी नियम. आणि उरलेला माल मालकाच्या वस्तीवरच ठेवायचा, रस्त्याने दोनदा फिरवायचा नाही, ही तिकडची रीत. रीतीप्रमाणे चाललं होतं. एकाही रविवारी तो गेला असता तर त्या कांड्या कातळात जिरल्या असत्या, धूर होऊन गेल्या असत्या, आणि त्यांना कोणी स्फोटकं म्हटलं नसतं. हे त्याने स्वतःला इतक्या वेळा सांगितलं होतं, की आता त्यातून नवीन त्रासही होत नव्हता, नुसता जुनाच होत होता.

तुरुंगाच्या फाटकाशी सावली नव्हती. पहारेकऱ्याने इमामबीची कागदं बघितली आणि अभिमन्यूला विचारलं, आपण कोण. अभिमन्यू म्हणाला, गावचा. पहारेकरी म्हणाला, गावचा हे काही नातं नाही. तेव्हा इमामबी मधे बोलली की लेकासारखा आहे, बाबा, मला वाचता येत नाही, सोड त्याला. पहारेकऱ्याने त्याच्या इस्त्रीच्या शर्टाकडे, खिशातल्या ऑफिसच्या ओळखपत्राकडे बघितलं आणि बसा म्हणाला. बाकावर आणखी माणसं होती. डबे आणलेले परत नेत होती. लेकासारखा, हा शब्द अभिमन्यूच्या कानात अडकून बसला. तिला मूलबाळ नव्हतं.

कायद्याची बातमी त्याला रेश्माने वाचून दाखवली होती, जेवताना, मोबाईलवरून. दहशतवादाच्या गुन्ह्यांची शिक्षा वाढवणारा राज्याचा नवा कायदा मंजूर झाला होता. त्याच्या आदल्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी त्याबद्दल टाकलं होतं आणि सगळ्यांबरोबर अभिमन्यूनेही अंगठा टाकला होता. बरं झालं, असं त्याला मनापासूनच वाटलं होतं. आता रेश्मा तपशील वाचत होती. स्फोटक पदार्थ नुसते सापडले तरी. बाळगणारा, पुरवणारा, ठेवायला जागा देणारा, सगळे सारखेच. जामीन जवळजवळ नाहीच. भाकरीचा तुकडा त्याच्या तोंडात फिरायला लागला. "काय झालं?" रेश्माने विचारलं. शेडमधल्या कांड्यांचं त्याने सांगितलं. ती किंचाळली नाही, रडली नाही. तिने ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "आत्ताच्या आत्ता फोन कर."

फोनवर मौला म्हणाला, घाबरू नका, पुढच्या रविवारी या, उडवून टाकू. अभिमन्यू म्हणाला, रविवारपर्यंत नको. मौला म्हणाला, मग ठेकेदाराच्या जीपची वाट बघू, चार दिवसांनी येईल. अभिमन्यू म्हणाला, चार दिवस नको, उद्याच न्या. मौला म्हणाला, मोटारसायकलवर नेतो मग. तेव्हा अभिमन्यूने डोकं चालवलं. सणाचे दिवस, रस्त्यावर नाकाबंदी, मोटारसायकली थांबवतात. आपल्याला बाहेरच्या जगातलं जास्त कळतं या सवयीने तो म्हणाला, "चाचा, एसटीनं जा. एसटीत म्हाताऱ्या माणसाची पिशवी कोण बघतंय." पलीकडे काडी ओढल्याचा आवाज आला. ज्याने उभ्या जन्मात माल घेऊन माणसांच्या गर्दीत पाय ठेवला नव्हता, तो माणूस विचार करत असणार. मग मौला म्हणाला, "तुमी म्हंतायसा तर तसं." शिकलेल्या माणसाने सांगितलं, त्याने ऐकलं. मालकाने सांगितलं, असंही असेल.

सांगोल्याच्या स्टँडवर मंगळवेढ्याच्या गाडीजवळ त्याला धरलं. त्या दिवशी बंदोबस्त होता आणि सगळ्यांच्याच पिशव्या बघत होते. पिशवीत जुन्या लुंगीत गुंडाळलेल्या कांड्या निघाल्या. टोप्या निघाल्या कमरेला बांधलेल्या, कारण दोन्ही एकत्र ठेवायचं नसतं, चुकून काही झालंच तर आपल्यालाच व्हावं, हे मौलाच्या हातांना माहीत होतं. बातमीत मात्र ते "सराईतपणे" असं आलं. दाढी, टोपी, पिशवी, स्टँड. टीव्हीवर तेच चित्र फिरत राहिलं. यातला एकही तपशील खोटा नव्हता. अभिमन्यूला कायद्यावर चिडायचीही सोय नव्हती. भरल्या एसटीजवळ जिलेटीन घेऊन माणूस सापडला तर त्याला सोडून द्या, असं तो स्वतः तरी म्हणाला असता का? अनोळखी माणूस असता तर त्याने पुन्हा एक अंगठा टाकला असता. माल कोणाचा, असं मौलाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, माझा. ठेकेदाराने हात वर केले. पोलिसांचा अभिमन्यूला एक फोन आला, आदल्या संध्याकाळी बोलणं कशाबद्दल झालं म्हणून. विहिरीच्या कामाबद्दल, अभिमन्यू म्हणाला. हे खोटं नव्हतं. फोन ठेवल्यावर तो बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिला.

चनबसप्पा वकील रेश्माच्या ओळखीचे. अक्कलकोटकडचे, जाडजूड, शांत गृहस्थ. अभिमन्यू त्यांच्याकडे ठरवून गेला होता की आपण सगळं सांगायचं, पोलिसांत जायचं, कांड्या विहिरीसाठी होत्या असं शपथेवर म्हणायचं. जिना चढताना त्याला स्वतःबद्दल बरं वाटत होतं, हे विशेष. वकिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि समजावून सांगितलं की आज एकटा माणूस सापडलाय, त्याच्यावर बाळगल्याचा आरोप आहे, कोर्टात तो कदाचित सैल होईल. तुम्ही पुढे आलात की माणसं दोन होतात. दोघांनी मिळून ठरवलं, फोनवर बोलून ठरवलं, गर्दीची गाडी निवडली. "दोघं झाले की कट होतो, सर. त्याची शिक्षा मोठी. त्यांनाही आणि तुम्हालाही." अभिमन्यू खुर्चीत मागे टेकला. आपल्या छातीवरचा दगड कोणीतरी उचलून घेतल्यासारखं त्याला झालं आणि त्याची त्याला तिथल्या तिथे लाज वाटली. म्हणजे गप्प राहण्यातच चाचांचं भलं आहे, असं त्याने विचारलं. वकिलांनी चष्मा पुसला. "मी तुमचा वकील म्हणून सांगतोय. त्यांचा वकील असतो तर काय सांगितलं असतं, ते मला विचारू नका. विहिरीचा मालक उभा राहिला तर कांड्या विहिरीच्या ठरतात, असंही एखादा म्हणेल." आणि मग, जिन्यापर्यंत सोडायला येऊन, "कोणालाही बोलायचं नाही, सर. बायकोला सांगितलंय तेवढं पुरे."

तेव्हापासून त्याच्याकडे दोन उत्तरं होती. सकाळी दाढी करताना पहिलं खरं वाटायचं, की आपण तोंड उघडलं तर म्हाताऱ्याला आणखी खोल घालू. संध्याकाळी घरी परतताना दुसरं. भित्र्या माणसाला नेमकं जे हवं होतं ते कायद्याने त्याच्या हातात आणून ठेवलं होतं, आणि त्यामुळे आपण भित्रे आहोत की शहाणे, हे कळायची वाटच बंद झाली होती. मौलासाठी पैसे पाठवावेत असं रेश्मा एकदा म्हणाली. पाठवले तर कोणी विचारेल का पाठवले, म्हणून तेही राहिलं.

नाव पुकारलं. आत जाळीपलीकडे मौलाचाचा उभा होता. दाढी वाढली होती, आणि हात रिकामे असल्यामुळे तो उगाचच बोटं चोळत होता. इमामबी जाळीला चिकटली, दोघं दखनीत हळू बोलत राहिली. खाणं, गुडघा, शेळी विकली का, भाच्याच्या घरचं कोणी आलं का. अभिमन्यू एक पाऊल मागे राहिला. इथे आल्यावर चाचांच्या डोळ्यांत आपल्याला काय दिसेल याची त्याने मनात बरीच उजळणी केली होती. राग दिसला असता तर बरं झालं असतं. मौलाने त्याला बघितलं आणि तो पहिल्यांदा दचकला, मग इकडेतिकडे पहारेकऱ्याकडे बघून घाईघाईने म्हणाला, "तू कशाला आलास हितं?"

तू. इतक्या वर्षांनी. अभिमन्यूला म्हणायचं होतं, चाचा, मी सांगतो, मी आत्ताच सांगतो, हा पहारेकरी आहे त्यालाच सांगतो. तो म्हणाला, "तब्येत कशी आहे?"

"बरी हाय. ऐक, हिरीतली भोकं उगडी हायती. त्यात माती जाईल. जाऊन चिंध्या कोंब तेवढ्या." मौला एवढं बोलला आणि पुन्हा बायकोकडे वळला. वेळ संपल्याचं कोणीतरी सांगितलं. जाताना मौला मागे वळून हाताने, माशी हाकलावी तसं, जा म्हणाला. ते इमामबीला होतं की आपल्याला, हे अभिमन्यूला कळलं नाही. आपल्याला असावं, असं धरून तो बाहेर आला. बाहेर ऊन तसंच होतं.

स्टँडवर त्याने तिला चहा पाजला. सांगोल्याची गाडी लागायला वेळ होता. बाकाशेजारी कोणी कानडी बाई शेंगाची पोती राखत बसली होती, पलीकडे कॉलेजची पोरं. इमामबी बशीत ओतून चहा प्यायली, बशी पुसल्यासारखी स्वच्छ केली आणि मग पिशवीत हात घालून तिने कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधलेलं फडकं त्याच्या हातात दिलं. आत नेऊ देत नाहीत, तुमी खावा, म्हणाली. त्याने घेतलं. नाही कसं म्हणणार?

मग ती बोलायला लागली, समोर बघत. गावात लोक काय काय बोलतात. ज्या घरांच्या विहिरी मौलाने फोडल्या त्या घरातल्या बायका आता दळणाला तिच्या शेजारी उभ्या राहत नाहीत. भाच्याच्या सासरवाडीकडून निरोप आला, तसं त्याने यायचं बंद केलं. ते ठीक आहे, लोक घाबरतात, ती म्हणाली. पण रात्री पडल्या पडल्या तिला स्वतःलाच काहीबाही वाटतं. त्या दिवशी सकाळी घरातून निघताना मौलाने तिला सांगितलं होतं, मंगळवेढ्याला चुलत्याला बघून येतो. पिशवीत काय आहे हे सांगितलं नव्हतं. कमरेला काय आहे हे सांगितलं नव्हतं. लग्न झाल्यापासून त्याने माल कुठून आणला, कुठे नेला, हे तिच्यापासून कधी लपवलं नव्हतं, आणि त्या दिवशीच का लपवलं? का, ते अभिमन्यूला माहीत होतं. त्यानेच फोनवर सांगितलं होतं, चाचींना बोलू नका, बायका बोलून जातात.

"पयल्या मुलाखतीला मी इचारलं त्येंना," इमामबी म्हणाली. "शपत घातली. तवा म्हनले, अभिमन्यूच्या वस्तीवरल्या कांड्या हायत्या, त्याची हीर हाय, कुनाला बोलू नगं, पोरगं अडकंल." आता ती त्याच्याकडे वळली. डोळे म्हाताऱ्या माणसाचे, कडेला पांढुरके झालेले, पण सरळ लागलेले. "मी कोर्टात बोलनार न्हाय, बाबा. कुनाला बी न्हाय. माझं मला कळूंद्या. मी कुनासंगं संसार केला, येवडंच मला कळाया पायजे. त्या कांड्या तुमच्या व्हत्या न्हवं?"

गाड्यांची घोषणा चालू होती. व्हय, एवढंच म्हणायचं. ते त्याच्या तोंडात आलंही होतं, जिभेवर त्याचं वजन त्याला लागलं. तिने कोणाला सांगितलं नसतं. सांगितलं तरी, अडाणी आरोपीची बायको, तिचं कोण ऐकणार, हेही त्याच क्षणी त्याच्या मनात आलं आणि तेच त्याला नडलं, कारण एकदा हिशेब सुरू झाला की तो पुढे जातोच. भाचा आहे, भाच्याला बोलेल. मौलाचा वकील आहे, त्याला बोलेल. वकिलाला हवाच आहे विहिरीचा मालक. दोघं झाले की कट होतो. आपण नाही म्हणतोय ते चाचांसाठीच म्हणतोय. रेश्मा, फ्लॅट, खिडकी, राजेश्वरीबाई. मांडीवर भाकरीचं फडकं होतं, ते त्याने दोन्ही हातांनी धरलं.

"नाही, चाची," तो म्हणाला. "आमच्याकडे काही नव्हतं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याला वाटलं, आता ती ओरडेल, शिव्या देईल, आणि त्याला ते हवं होतं. सगळ्या स्टँडने ऐकलं असतं तरी चाललं असतं. पण तिच्या चेहऱ्यावरून हळूहळू काहीतरी उतरलं. तिने त्याच्यावर विश्वास ठेवला होता. शिकलेला माणूस, ऑफिसातला, रजा टाकून स्कूटरवर घेऊन आला, हिंदुरावाचा मुलगा, तो कशाला खोटं बोलेल? तिने पदर डोक्यावर सारखा केला.

"मग त्येच लबाड बोलले माझ्याशी," ती म्हणाली. "शपत घेऊन लबाड बोलले." आवाज रडका नव्हता, थकलेला होता. थोड्या वेळाने तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुमच्याबद्दल लई वाकडं आनलं हुतं मनात, बाबा. रोज नमाजात तुमास्नी शाप द्यायची मी. माफी करा."

अभिमन्यूने तोंड उघडलं. गाडी लागली तशी माणसं उठली, पोती उचलली गेली, ती गर्दीत शिरली आणि त्याला तिच्या मागोमाग जाऊन खिडकीची जागा धरून द्यावी लागली. पिशवी त्याने खिडकीतून आत दिली. आता सांगता आलं असतं. गाडी अजून उभी होती, कंडक्टर खालीच होता. तो खिडकीच्या गजाला धरून उभा राहिला आणि म्हणाला, पुढच्या वेळी ऑफिसात रांगेत थांबू नका, फोन करा, मी स्टँडवर न्यायला येतो.

"आता कशाला येऊ?" इमामबी म्हणाली, आणि तिने तोंड दुसरीकडे वळवलं.